अर्धा मिनिट आधी

सप्टेंबर लागला की आमच्या अंगणातल्या मेपलचं एखादंच पान उगाच घाई केल्यासारखं लाल होतं, आणि यंदापासून माझा फोनही गुरगुरायला लागलाय. "सीझन परत आला! पहिली पैज आमच्याकडून." महिन्याभरापूर्वी एका सकाळी मी मटकीला मोड आलेत का ते बघत होते, तेव्हा आला हा निरोप. ओल्या हातानं फोन पुसला आणि तशीच खुर्चीवर बसले. ते पैजांचं ॲप मी कधीच काढून टाकायला हवं होतं. त्यावर मी आजवर एक सेंटसुद्धा लावलेला नाही. तरी शिकागोजवळच्या या नेपरव्हिल गावात त्या ॲपचा माझ्याइतका गैरवापर कोणी केला नसेल, हे मी छातीठोक सांगते.

फुटबॉलचा सीझन म्हणजे आमच्याकडे रविवार. सप्टेंबर ते जानेवारी, दुपारी बाराच्या ठोक्याला, आमच्या तळघरात. नाव फुटबॉल, पण पाय लागतो क्वचित. बाकी सगळा हाताचा आणि अंगाचा खेळ. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला ती नुसती मारामारी वाटायची. माणसं एकमेकांवर पडतात, उठतात, पुन्हा रांगेत उभी राहतात, आणि मध्येच जाहिरात. मला तो खेळ शिकवला भाऊंनी.

भाऊ म्हणजे आमच्या इथल्या मराठी गटातले सगळ्यात जुने. आमच्या आधी पंधरा वर्षं आलेले, टेलिफोन कंपनीत इंजिनिअर. त्यांना हा खेळ ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत कळला. तिथे सोमवारी सगळे गोरे सहकारी त्याच विषयावर बोलायचे आणि भाऊ डब्यातली पोळीभाजी खात गप्प बसायचे. सहा महिने ऐकून घेतलं आणि मग आलेखाच्या कागदावर मैदान आखून अभ्यासाला लागले. कोणता संघ कुठे उभा राहिला की काय करतो, सगळं पेन्सिलीनं. नलिनीवहिनी म्हणायच्या, "लग्नाआधी माझी पत्रिकासुद्धा इतक्या बारकाईनं पाहिली नव्हती यांनी."

मला त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. "हे बघ सुधा, दरवेळी प्रश्न एकच. चेंडू घेऊन पळणार, की लांब फेकणार? एवढं ओळखता आलं की खेळ आला." तेव्हापासून आमच्या तळघराची ती भाषाच झाली. पळ की फेक.

आणि तीच पैज. खेळाचे चार भाग असतात. प्रत्येक भाग सुरू होताना पहिल्याच डावाला विजयनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, हात वर करायचा आणि प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं, पळ की फेक. हात खाली आल्यावर बदलायचं नाही. रविवारला अशा चार पैजा. पैसे कधीच नव्हते. आमच्याकडचं चलन होतं ओहेअर. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याच्या पाहुण्यांना ओहेअर विमानतळावरून आणायचं. तेव्हा दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची आई, सासू, मामेभाऊ उतरायचे. दोन बॅगा, एक लोणच्याची बरणी आणि कस्टमवाल्यांवरचा राग घेऊन. त्या ट्रॅफिकमधली एक खेप म्हणजे अर्ध्या दिवसाची शिक्षा. "मी तीन ओहेअर हरलोय," असं विजय दात आवळून सांगायचा. एका वर्षी भाऊंच्या साडूंना, त्यांच्या मुलाला आणि त्यांच्या गुरुजींना आणायला विजय तीनदा गेला. गुरुजींनी गाडीत वाटभर त्याला इतकं ज्ञान पाजलं, की पुढचा महिनाभर तो पैज लावताना देवाचं नाव घेत होता.

भाऊ बहुतेक जिंकायचे. आरडाओरडा नाही, मांडी ठोकणं नाही. खेळाडू रांगेत आले की चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे बारीक करायचे आणि हळूच म्हणायचे, "फेक." आणि चेंडू हवेत असायचा. आम्ही बारा-पंधरा माणसं एकदम ओरडायचो. वर स्वयंपाकघरात तळण तळत असले तरी मला त्या ओरडण्यावरून कळायचं, भाऊ जिंकले.

मग ही पैजांची ॲप्स आली.

आमच्या मुलाच्या, रोहनच्या फोनवर आली आधी. तो आता बत्तीसचा आहे, शिकागोत नोकरी करतो आणि रविवारी ट्रेननं जेवायला येतो. त्याच्या पिढीची पैज खिशात असते. खेळ चालू असताना दर डावाला फोनवरचा पैजांचा बोर्ड बदलतो, भाव वरखाली होतात, अंगठा लावला की पैज लागली. पुढचा डाव पळ की फेक, यावरसुद्धा! मी थक्कच झाले. जे शिकायला भाऊंना आलेखाचे कागद लागले, ते आता अंगठ्याखाली आलं होतं. "पण रे, तू हरलास की कोण हसतं?" मी विचारलं. तो म्हणाला, "नोबडी, मॉम. दॅट्स द पॉइंट." मला त्यात काय पॉइंट ते कळलं नाही. आपण हरल्यावर समोर कोणी दात काढणारच नसेल, तर ती पैज लावायची कशाला? यावर मायलेकांचं एकमत आजतागायत झालेलं नाही.

पण गंमत वेगळीच होती. विजयनं केबल कॅन्सल केलं आणि टीव्ही इंटरनेटवरून घ्यायला सुरुवात केली. महिन्याची बचत झाली म्हणून आठवडाभर स्वतःवर खूश होता. पहिल्याच रविवारी टीव्हीवर खेळाडू नुसते रांगेत उभे राहत होते, आणि कोपऱ्यातून रोहन ओरडला, "टचडाऊन!" आम्ही सगळे त्याच्याकडे बघायला लागलो. अर्ध्या मिनिटानं टीव्हीवर खेळाडू चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपार गेला, टचडाऊन झालं. इंटरनेटवरून येणारं चित्र मागे रेंगाळतं आणि फोनला सगळं आधी कळतं, हा शोध आम्हाला असा लागला. मैदानावर होऊन गेलेली गोष्ट आमच्या टीव्हीला अजून व्हायचीच होती. एकाच खोलीत एकाच सोफ्यावर बसलेली माणसं वेगवेगळ्या क्षणात बसली होती.

विजय भडकला. त्यानं त्याच दिवशी पोळ्यांचा मोठा डबा आणला आणि हुकूम सोडला, "सगळ्यांनी आपापले फोन यात टाका. खेळ संपल्यावर मिळतील." पोरं कुरकुरली, पण टाकले. सूट फक्त मला, कारण ओव्हनचा टायमर माझ्या फोनवर लागायचा. भोपळ्याच्या वड्या करायला निघालेल्या बाईवर कोण संशय घेणार?

आता खरं सांगायचं ते मागच्या सीझनचं. नलिनीवहिनी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. भाऊ ऐंशीच्या उंबरठ्यावर. रविवारी यायचे, तोच करडा स्वेटर, हातात केळी नाहीतर संत्री, रिकाम्या हातानं कधीच नाही. पण त्यांचे अंदाज चुकायला लागले होते. खेळाडूंची नावं विसरायचे. चष्मा कपाळावर जायचा, डोळे बारीक व्हायचे आणि उत्तर यायच्या आधीच चेंडू निघून गेलेला असायचा. कोणी हसायचं नाही. मला वाटतं तेच वाईट होतं. पूर्वी चुकले असते तर विजयनं गुरुजींची आठवण काढून तळघर डोक्यावर घेतलं असतं. आता सगळे "असू दे भाऊ, टफ होता तो" म्हणायचे आणि वड्यांची बशी पुढे करायचे.

त्यांची मुलगी मीनल बॉथेलला असते, सिएटलजवळ. औषधांच्या संशोधनात आहे. तिचा एकच धोशा होता, बाबा, घर विका आणि इकडे या. बर्फ आहे, जिना आहे, एकटे आहात. तिचं चुकत नव्हतं. पण भाऊंचा पाय निघत नव्हता. शेवटी सीझनच्या पहिल्याच रविवारी, मीनल व्हिडिओवर असताना, भाऊ सगळ्यांसमोर म्हणाले, "पैज लाव माझ्याशी. ज्या रविवारी माझे चारही अंदाज चुकतील, त्या रविवारी मी तुझ्याकडे यायचं कबूल करीन. एक जरी बरोबर आला तर पुढच्या रविवारपर्यंत विषय काढायचा नाही."

"बाबा, सीरियसली?" मीनल म्हणाली. "तुमचं घर तुम्ही फुटबॉलवर लावताय?"

"तुझं शिक्षण सोडून मी आयुष्यात सगळं फुटबॉलवरच लावलंय," भाऊ म्हणाले. सगळे हसले. मी नाही हसले. त्या दिवशी त्यांचे चारातले तीन चुकले होते.

त्या आठवड्यात मला झोप लागेना असं म्हणणार नाही, मला कुठेही झोप लागते. पण पोळ्या लाटताना, गाडी चालवताना एकच विचार. भाऊ गेले तर? मी इथे आले तेव्हा चोवीस वर्षांची होते, बर्फात पहिल्यांदा गाडी घसरली तेव्हा फोन त्यांनाच केला होता. रोहनच्या जन्माच्या वेळी आई येऊ शकली नाही, तेव्हा डिंकाचे लाडू त्यांच्या घरून आले. माझं माहेर आठ हजार मैल लांब होतं आणि दीड मैलावर होतं. ते दीड मैलावरचं माहेर आता विकलं जाणार होतं.

तेव्हा मी रोहनला म्हटलं, "ते ॲप माझ्या फोनवर टाकून दे रे."

"मॉम! यू?"

"नुसतं बघायला. स्कोअर."

दुसऱ्या रविवारी मी माझी नेहमीची खुर्ची सोडली आणि भाऊंच्या सोफ्यावर, त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. मांडीवर फोन, फोनवर ओव्हनच्या टायमरच्या मागे ते ॲप. जाहिराती संपत आल्या, टीव्हीवर खेळाडू मैदानात येत होते, आणि माझ्या फोनवर पहिला डाव होऊनही गेला होता. फेक. विजयनं हात वर केला. मी माझ्या गुडघ्यानं भाऊंच्या गुडघ्याला दोनदा हळूच ठोकलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी टीव्हीकडे.

"फेक," भाऊ म्हणाले.

आम्ही कधी ठरवलं नव्हतं. एकदा ठोकलं की पळ, दोनदा की फेक. त्यांना कसं समजलं हे मी त्यांना विचारलं नाही, त्यांनी मला सांगितलं नाही. माझी समजूत अशी, की बिचाऱ्यांना वाटत असेल सुधाला आता खेळ चांगला कळायला लागलाय. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण माझ्या मनात लख्ख ऊन होतं. मला जराही अपराधी वाटत नव्हतं. चारांतला एक मी मुद्दाम चुकवायची, नाहीतर रोहनला शंका आली असती. अक्कल फक्त इंजिनिअरांनाच असते असं थोडंच आहे; मी तीस वर्षं हॉस्पिटलच्या रक्ताच्या लॅबमध्ये काढली आहेत.

काय सीझन होता तो! ऑक्टोबरात मिसळ केली आणि पोरांनी ती नाचोजवर ओतून खाल्ली. विजयनं "हा गुन्हा आहे" म्हणत तीनदा घेतली. भाऊ पुन्हा जिंकायला लागले आणि खोलीचा आवाज परत आला. विजय पुन्हा त्यांना चिडवू लागला, "भाऊ, औषध बदललंत का?" भाऊ चष्मा कपाळावर ठेवून हसायचे. पहिला बर्फ पडला तेव्हा विजय एक पैज हरला आणि त्यांचं ड्राइव्हवे साफ करायला गेला. मीनल दर रविवारी खेळाच्या शेवटी व्हिडिओवर यायची, आकडा विचारायची आणि सुस्कारा टाकायची. "अनबिलिव्हेबल. बाबा, तुम्ही यार रिटायर व्हायलाच नको होतं." मला तिचं वाईट वाटायचं. थोडंसंच. तिला तिचे बाबा हवे होते आणि मला माझे भाऊ. माझ्याकडे अर्धा मिनिट जास्त होता.

जानेवारीत एका रविवारी सकाळपासून गारठलेला पाऊस पडत होता. खाली पडला की बर्फ. झाडांच्या फांद्या काचेच्या झाल्या होत्या आणि साडेअकराला आमचं इंटरनेट गेलं. पोरं म्हणाली, आता कॅन्सल. विजय म्हणाला, "थांबा!" आणि गॅरेजमधून एक जुना अँटेना घेऊन आला, दोन दांड्यांचा, सशाच्या कानांसारखा. खिडकीत ठेवला, तार लावली, आणि टीव्हीवर असं स्वच्छ चित्र आलं की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. माझा फोन चालू होता, तो वायफायवर नाही तर मोबाईल डेटावर चालतो, एवढंच मी पाहिलं आणि निर्धास्त झाले.

पहिला भाग. फोनवर लिहिलं होतं, पळ. मी एकदा ठोकलं. भाऊ जरा थांबले आणि म्हणाले, "फेक." मी चमकले. डाव झाला, पळ. त्यांचं चुकलं. मला वाटलं लक्ष नसेल.

दुसरा भाग. फोन म्हणाला, फेक. मी दोनदा ठोकलं, जरा जोरातच. भाऊंनी आपला गुडघा बाजूला घेतला. सावकाश, शांतपणे. "पळ," ते म्हणाले. चेंडू हवेत गेला. मी त्यांच्या कानाशी लागले, "भाऊ, अहो, ऐका ना." ते टीव्हीकडे बघत राहिले.

तिसऱ्यालाही माझ्या ठोकण्याची वाट न बघता त्यांनी सांगितलं. चुकलं. तेव्हा माझी नजर फोनवर होती, आणि टीव्हीवर आत्ताच झालेला तो डाव फोनवर माझ्या डोळ्यांदेखत उमटला. नंतर. टीव्हीच्या नंतर! अँटेनाचं चित्र थेट येत होतं आणि आज फोन मागे पडला होता. मी दुपारभर त्यांना होऊन गेलेले डाव सांगत होते. पहिल्याला तर डाव झालाच नव्हता, ती नुसती पैजेच्या भावातली 'पळ' होती; दोन्ही खुणा बरोबर निघाल्या त्या निव्वळ नशिबानं.

चौथ्याला मी हातपाय आवरून बसले. भाऊंनी चष्मा कपाळावर घेतला, डोळे बारीक केले आणि अगदी पूर्वीसारखे पुढे झुकले. म्हणाले, "फेक." खेळाडू चेंडू पोटाशी धरून पळत सुटला.

फोनवर मीनल आली, तिला रोहननं हळूच सांगितलं. तीपण ओरडली नाही. "बाबा," एवढंच म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

"शब्द दिलाय," भाऊ म्हणाले. "हिवाळा संपला की येतो. तुझ्याकडे टीव्ही बरा आहे ना?"

ते आता बॉथेलला आहेत. तिथे खेळ सकाळी दहाला लागतो, त्यांना तो न्याहारीबरोबर बघावा लागतो हे काही अजून पटलेलं नाही. मीनलच्या ऑफिसातली तीन-चार मराठी पोरं रविवारी त्यांच्याकडे येतात. त्यांना ते आलेखाच्या कागदावर मैदान आखून देतात आणि ती पोरं फोनवर भाव बघत बघत कागदाकडेही बघतात. परवा फोनवर मला म्हणाले, "यांच्यातला एक बरा आहे. तो हरला की चिडतो." आमच्या तळघरात पैज चालू आहे. विजयनं अँटेना कायमचा लावलाय. फोन, टीव्ही, माणसं, आता बहुतेक सगळं एका वेळेला. मला त्याचं बरं वाटतं, आणि कधीकधी त्या अर्ध्या मिनिटाची इतकी आठवण येते की मी उठून वर स्वयंपाकघरात जाते.

त्या दिवशीही गेले होते. खेळ संपला होता, खाली कपबशा वाजत होत्या. मी सिंकचा नळ सोडून उभी होते, कारण मला रडायचं होतं आणि रागही आला होता, त्यांचा, फोनचा, पावसाचा, सगळ्यांचा. भाऊ कठडा धरत धरत जिना चढून आले आणि स्टुलावर बसले.

"नळ बंद कर. पाणी वाया चाललंय."

मी बंद केला. म्हटलं, "भाऊ, मी तुम्हाला फसवत होते. म्हणजे तुम्हाला नाही, सगळ्यांना. फोनमध्ये बघून सांगत होते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. अगं, तारेच्या या टोकाला बोललेलं त्या टोकाला किती उशिरा पोचतं, हे मोजण्यात माझी सगळी नोकरी गेली. मला अर्धा मिनिट कळणार नाही?"

मला हसू आलं आणि रडूही. इतक्या वर्षांची ओळख, आणि मी लबाडी करायला नेमका तोच माणूस आणि तीच गोष्ट निवडली होती. म्हटलं, "मग बोलला का नाहीत? तुम्हाला तर लबाडी खपत नाही."

भाऊंनी स्वेटरची बाही उगाच खाली ओढली. "नलू गेल्यापासून त्या सोफ्यावर माझ्या शेजारी कोणी बसत नव्हतं. सगळे मान देतात, मला सगळा सोफा देतात. तू येऊन बसलीस. म्हटलं, चालू दे हिचं."

मी हात पुसले आणि विचारलं, "आणि आज? आज का नाही ऐकलंत?"

"आज तुझा फोन मागे होता, आणि तुला ते कळलं नव्हतं; दोनदा जुळलं ते नुसतं नशीब. तुझं ऐकून चुकलो असतो, तर मी तुझ्यामुळे गेलो असं तू जन्मभर धरून बसली असतीस. तुझा स्वभाव मला माहीत नाही का? म्हणून गुडघा बाजूला घेतला. माझं मी हरलो, सुधा. तुझा त्यात काही संबंध नाही."